सासरच्या गावी सुपरडॉगला जाताना: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

माझे माहेर साताऱ्याचे आणि सासर शिकागोचे. सासरे १९७० च्या दशकात नोकरीनिमित्त तेथे गेले, शहराच्या वायव्य भागात त्यांनी घर घेतले आणि माझ्या नवऱ्याचे सगळे लहानपण त्याच गल्ल्यांत गेले. त्यामुळे आमच्या घरात ‘गावी जाऊ या’ असे कोणी म्हटले की त्याचा अर्थ कृष्णाकाठ नसतो, मिलवॉकी अव्हेन्यू असतो. साताऱ्याहून कंदी पेढे घेतल्याशिवाय पाहुणा परत जात नाही, तसे या गावी आलेल्या माणसाला सुपरडॉगला नेल्याशिवाय सासरच्या मंडळींना चैन पडत नाही. मात्र नेणाऱ्यांना तेथली रीत इतकी अंगवळणी पडलेली असते की नव्या माणसाला काही सांगायला हवे हे त्यांच्या लक्षातच येत नाही. पहिल्या खेपेस मी बहुतेक सगळ्या चुका केल्या, आणि दुसऱ्या खेपेस आईला घेऊन गेले तेव्हा उरलेली एक केली. नव्या सुना, जावई, भारतातून भेटीला आलेले आईवडील आणि शिकायला आलेली मुले यांच्यासाठी हे टिपण लिहीत आहे.

१. ठिकाण कशाचे आहे, हे आधी समजून घ्या

सुपरडॉग हे हॉटडॉगचे, म्हणजे पावात सॉसेज (मांसाची लांबट नळी) घालून केलेल्या पदार्थाचे, गाडीत बसून खाण्याचे उपाहारगृह आहे. मॉरी आणि फ्लॉरी बर्मन या नवविवाहित जोडप्याने ते १९४८ मध्ये सुरू केले. मॉरी दुसऱ्या महायुद्धातून परतून हिशेबनिसाचे शिक्षण घेत होते आणि उन्हाळ्याच्या सुटीत चार पैसे मिळावेत एवढाच त्या धंद्यामागचा हेतू होता. जागा ट्रामच्या मार्गाच्या टोकाशी होती आणि समोरच्या राखीव वनात पोहण्याचा तलाव होता, त्यामुळे पोहून भुकेलेली मुले आणि ट्रामने आलेली माणसे आपोआप तेथे येऊ लागली. ट्राम केव्हाच गेली, मॉरी २०१५ मध्ये आणि फ्लॉरी २०१८ मध्ये निवर्तल्या, पण धंदा आजही त्याच कुटुंबाकडे आहे.

छपरावर सॉसेजच्या आकाराचे सुमारे १२ फूट उंचीचे दोन पुतळे उभे आहेत. एकाने बिबट्याचे कातडे पांघरले असून तो दंडाच्या बेटकुळ्या दाखवतो, आणि दुसरी केसांत बो लावून त्याच्याकडे कौतुकाने पाहते. त्यांची नावेही मॉरी आणि फ्लॉरीच आहेत. रात्री त्यांचे डोळे लुकलुकतात, म्हणून शक्य असल्यास दिवेलागणीच्या सुमारास पोहोचावे. उजेड असताना छायाचित्रे काढून होतात आणि खाणे संपेपर्यंत डोळेही पेटलेले दिसतात.

एक सूचना येथेच देते. तेथल्या पदार्थाला घरच्यांसमोर ‘हॉटडॉग’ म्हणू नका. तो फ्रँकफर्टर नाही, वीनर नाही, तर सुपरडॉग आहे, असे तेथील मंडळींचे ठाम म्हणणे आहे आणि माझ्या सासरी ते अक्षरशः पाळले जाते.

२. कोण काय खाणार, हे घरीच ठरवा

या सगळ्या लेखातला महत्त्वाचा भाग हाच आहे, कारण मराठी कुटुंबाची फजिती बहुतेक वेळा येथे होते. सुपरडॉगमधला सॉसेज निव्वळ गोमांसाचा असतो. हॉटडॉग म्हणजे डुकराचे मांस अशी आपल्याकडे अनेकांची समजूत असते, आणि इतर शहरांत ते पुष्कळदा खरेही असते, पण शिकागोची परंपरा वेगळी आहे. १८९३ च्या जागतिक प्रदर्शनात ऑस्ट्रिया-हंगेरीतून आलेल्या दोघा ज्यू स्थलांतरितांनी गोमांसाचे सॉसेज विकले आणि त्यातूनच पुढे व्हिएन्ना बीफ ही कंपनी उभी राहिली. ज्यू कारागिरांना डुकराचे मांस वर्ज्य असल्यामुळे या शहराचा हॉटडॉग गोमांसाचा झाला, तो आजतागायत तसाच आहे. (याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्म परिषदेत स्वामी विवेकानंदांचे भाषण झाले. माझे सासरे पाहुण्यांना या दोन्ही गोष्टी एका दमात सांगतात आणि पाहुण्यांना हसावे की गंभीर राहावे ते कळत नाही.)

अमेरिकेतल्या मराठी घरांत या बाबतीत एकमत नसते आणि त्याची चर्चाही सहसा होत नाही. आमच्याकडे नवरा आणि दीर खातात, सासूबाई आणि सासरे खात नाहीत. पन्नास वर्षे तेथे जाणारे सासरे आजवर सुपरडॉग खाल्लेले नाहीत. ते दर वेळी घट्ट चॉकलेट माल्ट (दूध-आइस्क्रीमचे पेय) आणि तळलेले बटाटे घेतात, आणि तरीही त्या जागेबद्दल त्यांच्याइतके हळवे घरात दुसरे कोणी नाही. तेव्हा ‘मी खात नाही, मग मी जाऊन काय करू’ असे कोणी म्हणत असेल तर हे उदाहरण सांगावे.

आता सापळा सांगते. ‘सुपरडॉग’ मागवला की तो एका कागदी खोक्यात येतो, त्या खोक्यात तळाशी नागमोडी कापाच्या तळलेल्या बटाट्यांची गादी असते आणि तिच्यावर पाव आडवा ठेवलेला असतो. बटाटे आणि मांस एकमेकांना लागूनच येतात. मला हे ठाऊक नव्हते. आईला घेऊन गेले त्या दिवशी मी घाईत सगळ्यांसाठी एकेक खोके सांगितले, मनात हिशेब असा की आई नुसते बटाटे खाईल. तिने झाकण उघडले, आत पाहिले, झाकण पुन्हा हलकेच लावले आणि ‘मला तशी भूक नाही गं’ म्हणाली. सकाळपासून तिने फक्त चहा घेतलेला होता.

म्हणून शाकाहारी माणसासाठी बटाटे वेगळे सांगावेत, म्हणजे ते वेगळे येतात. कांद्याचे तळलेले कापही मिळतात. तळणीचे तेल मांसाहारी पदार्थांसाठीही वापरतात का, हे ज्यांना चालत नाही त्यांनी संकोच न करता विचारावे, तेथे असे प्रश्न विचारल्याचे कोणाला नवल वाटत नाही. ज्यांना गोमांस चालत नाही पण इतर मांस चालते, त्यांनी मांसाच्या प्रत्येक पदार्थाविषयी स्वतंत्रपणे विचारावे, कारण नावावरून काहीही कळत नाही. ‘हूप्सकीडॉग’ म्हणजे भाजलेला पोलिश पद्धतीचा सॉसेज आणि ‘हूपरचीझी’ म्हणजे दुहेरी चीझबर्गर, हे नुसते नाव वाचून कोणाला उमगणार?

ठरलेली यादी कागदावर किंवा मोबाइलवर लिहून घ्यावी. तिचा उपयोग पाचव्या पायरीवर कळेल.

३. सोबत काय असावे

- पूर्ण पत्ता: ६३६३ नॉर्थ मिलवॉकी अव्हेन्यू, शिकागो. नुसते नाव पुरत नाही, कारण पुढे सांगितले आहे.
- चालकाचा वैध परवाना. भारतातून आलेल्या पाहुण्याच्या हाती गाडी देणार असाल तर भाड्याच्या किंवा घरच्या गाडीच्या विम्याच्या अटी आधी वाचाव्यात.
- कार्ड, आणि त्याशिवाय एक व पाच डॉलरच्या थोड्या नोटा. त्या बक्षिसीसाठी लागतात.
- बसने जाणार असाल तर व्हेंट्रा कार्ड. शहरातील रेल्वे आणि उपनगरी पेस बस, दोन्हींना तेच चालते.
- ओले रुमाल, पाण्याची बाटली, आणि मांडीवर पसरायला एखादे जुने पंचासारखे फडके. मोहरीच्या पिवळ्या सॉसचा डाग सुती ओढणीवरून जात नाही, हे मी खात्रीने सांगू शकते.
- शाकाहारींसाठी लिहिलेली यादी.

उघडण्याच्या आणि बंद होण्याच्या वेळा निघण्यापूर्वी त्याच दिवशी पाहाव्यात.

४. पत्ता टाकताना होणाऱ्या तीन चुका

पहिली चूक ‘मिलवॉकी’ या शब्दामुळे होते. मिलवॉकी नावाचे मोठे शहर शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात, गाडीने साधारण दीड तासावर आहे. आपल्याला जायचे आहे ते मिलवॉकी अव्हेन्यू या शिकागोतल्या रस्त्यावर.

दुसरी चूक अधिक फसवी आहे. सुपरडॉगची दुसरी शाखा २०१० मध्ये व्हीलिंग या उपनगरात उघडली, आणि ती शाखासुद्धा मिलवॉकी अव्हेन्यूवरच आहे. छपरावर तीच दोन माणसे उभी आहेत, त्यामुळे पोहोचेपर्यंत आणि पोहोचल्यावरही चूक लक्षात येत नाही. खाण्याच्या दृष्टीने त्यात काही बिघडत नाही, पण घरचे लोक जुन्या जागी वाट पाहत बसलेले असतील तर पुष्कळ बिघडते.

तिसरी चूक खास भारतीयांची आहे. डेव्हन अव्हेन्यू म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर किराणा, मिठाई आणि साड्यांची दुकाने येतात, जेथे पटेल ब्रदर्सचे पहिले दुकान १९७४ मध्ये उघडले. सुपरडॉग ‘डेव्हनवर आहे’ असे कोणी सांगितले म्हणून त्या बाजारात उतरून शोधत बसू नका. तो बाजार वेस्टर्न अव्हेन्यूच्या आसपास आहे आणि सुपरडॉग त्याच रस्त्याने पश्चिमेकडे सुमारे ५ मैलांवर, डेव्हन, मिलवॉकी आणि नेगल हे तीन रस्ते एकत्र येतात तेथे आहे. शिकागोचे रस्ते पाटीवर आखल्यासारखे सरळ आहेत, मात्र मिलवॉकी अव्हेन्यू त्यांना तिरपा छेदून जातो, त्यामुळे या चौकात कोणत्या मार्गिकेतून वळायचे याचा नव्या चालकाचा गोंधळ होतो. वळण चुकले तर घाईने मार्गिका बदलू नका, पुढे जाऊन परत या.

गाडी नसेल तर ब्लू लाइनने जेफरसन पार्क स्थानकावर उतरावे आणि तेथून उत्तरेकडे जाणारी पेसची २७० क्रमांकाची बस घ्यावी. हीच लाइन ओहेअर विमानतळावरून येत असल्यामुळे सामान हलके असलेल्या माणसाला विमानातून उतरून थेट येथे येणेही शक्य आहे. माझ्या दिराने एकदा तसे केले आणि घरी उशिरा पोहोचल्याबद्दल सासूबाईंची बोलणी खाल्ली. पायी आलेल्यांना आत खिडकीवर मागणी नोंदवता येते आणि बसायला थोडी जागाही आहे. तरीही माझे प्रामाणिक मत असे आहे की पहिली खेप गाडीतूनच करावी, कारण आत बसून खाल्ले तर पदार्थ तोच मिळतो पण पुढच्या दोन पायऱ्या हातच्या जातात.

५. गाडी लावा, पण कळ लगेच दाबू नका

इमारतीभोवती गाड्या लावण्याच्या जागा आहेत आणि प्रत्येक जागेशी पदार्थांची यादी, ध्वनिपेटी आणि एक कळ आहे. चालकाच्या खिडकीतून कळीपर्यंत हात पोहोचेल इतक्या जवळ गाडी लावावी. आवारात गाडी अतिशय हळू चालवावी, कारण ट्रे घेतलेली मुले-मुली दोन गाड्यांमधून अचानक समोर येतात. गाडीपर्यंत पदार्थ आणून देणाऱ्या या मुलांना तेथे ‘कारहॉप’ म्हणतात.

कळ दाबली की पेटीतून ‘हाया! थँक्स फॉर स्टॉपिंग!’ असा उत्साही आवाज येतो आणि तुमची मागणी विचारली जाते. मी पहिल्यांदा गेले तेव्हा काय होते ते पाहू या, म्हणून बसता क्षणीच कळ दाबली. आवाज आला, आणि गाडीतल्या पाचही जणांनी एकाच वेळी मराठीत एकमेकांना ‘तू काय घेणार’ असे विचारायला सुरुवात केली. पेटीतला आवाज थोडा वेळ थांबला, मग त्याने पुन्हा नम्रपणे विचारले, आणि मी घाबरून ‘टू मिनिट्स’ म्हणाले. मागच्या सीटवरून सासरे फक्त एवढेच म्हणाले, ‘आधी ठरवायचं असतं, मग दाबायचं असतं.’

म्हणून क्रम असा ठेवावा: यादी हातात घ्यावी, सगळ्यांचे पक्के करावे, गाडीतला रेडिओ बंद करावा, आणि मगच कळ दाबावी. एकानेच बोलावे. आपले उच्चार समजतील का याची धास्ती बाळगू नये, फक्त सावकाश बोलावे आणि आकडा आधी सांगावा, म्हणजे ‘दोन सुपरडॉग, तीन वेगळे बटाटे, एक माल्ट’ असे. काही नको असेल, उदाहरणार्थ कांदा किंवा तिखट मिरची, तर तेही त्याच वेळी सांगावे. शेवटी मागणी वाचून दाखवली जाते तेव्हा मान डोलवू नका, पेटीला ती दिसत नाही. आईने दोनदा डोलवली.

६. ट्रे येतो तेव्हा काचेचे काय करायचे

ट्रे गाडीच्या काचेवर अडकवला जातो. काच पूर्ण खाली केली तर त्याला अडकायला जागा राहत नाही, आणि पूर्ण वर असेल तर अर्थातच काही घेता येत नाही. काच काही इंच वर उभी ठेवावी, आणि किती हे कारहॉपच सांगतो, त्याचे ऐकावे. ट्रे लागल्यानंतर कोणीही खिडकीच्या बटणाला हात लावू नये आणि त्या बाजूचे दार उघडू नये. लहान मूल चालकामागे बसले असेल तर काचांचे कुलूप आधीच लावून ठेवावे.

पैसे ट्रे आल्यावर द्यायचे असतात. यादीतल्या किमतींत कर धरलेला नसतो, तो वर लागतो, त्यामुळे मनात केलेल्या बेरजेपेक्षा बिल जास्त आले म्हणून चकित होऊ नये. कारहॉपला बक्षिसी देणे ही तेथली रीत आहे. बिलाच्या १५ ते २० टक्के हा सर्वसाधारण प्रघात येथेही लागू पडतो. हिवाळ्यात, शून्याखालच्या वाऱ्यात ती मुले तुमच्यासाठी उघड्यावर ये-जा करत असतात, तेव्हा हात थोडा सैल सोडावा.

हिवाळ्याचा विषय निघालाच आहे तर सांगते की फेब्रुवारीतली खेप मला उन्हाळ्यातल्या खेपेपेक्षा अधिक आवडते. फटीतून गार वारा आत येतो, पायांशी हीटर चालू असतो, आणि खोकी उघडली की दोन मिनिटांत सगळ्या काचांवर वाफ धरते. बाहेरची मॉरी-फ्लॉरी त्या वाफेतून नुसते दोन पिवळसर ठिपके होऊन लुकलुकत राहतात. मात्र निघण्यापूर्वी पुढची काच पूर्ण स्वच्छ होऊ द्यावी, अंदाजाने गाडी मागे घेऊ नये.

७. खोके उघडल्यानंतर

खसखस लावलेला पाव, त्यात सॉसेज, मोहरीचा सॉस, काकडीचे आंबटगोड हिरवे रेलिश, चिरलेला कांदा, लोणच्यातल्या काकडीची फोड आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेली मिरची, एवढे सर्व असते. शिकागोत इतरत्र ताज्या टोमॅटोच्या फोडी घालतात, येथे त्याऐवजी हिरव्या टोमॅटोचे लोणचे मिळते. ही मिरची दिसायला लवंगी मिरचीसारखी नसली तरी झणका बरा देते, आपल्याला काय होणार अशा तोऱ्यात अख्खी चावू नये.

टोमॅटो केचप मागू नये. शिकागोत सॉसेजवर केचप घालणे हा मोठ्या माणसाला न शोभणारा पोरकटपणा समजतात. बटाट्यांसाठी मागितले तर कोणाची हरकत नसते. मी भाबडेपणाने पावावरच घातले होते. नवऱ्याने माझ्याकडे असे पाहिले की जणू मी पुरणपोळीवर लसणाची चटणी पसरली.

दोन्ही हातांनी खावे. खोके मांडीवर ठेवून पाव त्याच्यावर धरला की सांडणारे सगळे बटाट्यांवर पडते, आणि माझ्या मते शेवटचे ते मोहरी-रेलिश लागलेले मऊ बटाटे हाच सगळ्यांत चांगला घास आहे. (पुढे आईला पुन्हा नेले तेव्हा तिच्यासाठी बटाटे वेगळे सांगितले आणि हिरव्या टोमॅटोचे लोणचेही निराळे मागून घेतले. तिने ते चाखले, थोडा विचार केला आणि म्हणाली, ‘मेथी हवी होती यात.’ दोन्ही फोडी मात्र संपवल्या.)

८. निघताना

खाणे झाले की ट्रे स्वतः काढू नये आणि काचेला लावलेला तसाच ठेवून गाडी तर मुळीच हलवू नये. कळ पुन्हा दाबली की कारहॉप येऊन ट्रे नेतो. रिकामी खोकी त्याच ट्रेवर ठेवावीत. काही मंडळी चित्रांचे ते खोके आठवण म्हणून भारतात नेतात, पण तेलकट खोके कपड्यांच्या बॅगेत घालू नये.

पाय मोकळे करायचे असतील तर समोरच कॉल्डवेल वुड्स हे राखीव वन आहे आणि तेथून नदीकाठाने चालण्या-सायकलीची वाट निघते. सासरे माल्टचा पेला हातात घेऊन तेथे एक फेरी मारतात.

त्याच दिवशी डेव्हनच्या बाजारातही जायचे असेल तर सुपरडॉग आधी करावे आणि किराणा नंतर घ्यावा. आम्ही एकदा उलट केले होते, तेव्हा डिकीतले गोठवलेले नारळाचे किसलेले पाकीट वितळून वाहिले आणि कोथिंबिरीच्या सहा जुड्यांना घरी पोहोचेपर्यंत तळलेल्या कांद्याचा वास लागलेला होता.